वडिलांनी जपलेली ‘चिंटू’ची कात्रणं स्कॅन करून रद्दीत दिली तर चालेल का?

नाही. स्कॅन जरूर करा, पण रद्दीत देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी नव्वदच्या दशकात पेपरातल्या चित्रमालिका कापून वह्यांमध्ये चिकटवल्या होत्या, कागद पिवळा पडलाय, कडा तुटतायत, नव्या घरात जागा नाही, आणि ‘तसंही आता त्याची पुस्तकं मिळतातच’. या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. अगदी हेच वाक्य माझ्या सख्ख्या भावाने २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीला, चिखलाने भरलेल्या अंगणात उभं राहून मला ऐकवलं होतं. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता आहे.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. ‘चिंटू’ १९९१च्या नोव्हेंबरमध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, पण आमच्याकडचं पहिलं कात्रण जून १९९३चं. त्या महिन्यात मी पाचवीत गेले आणि पोरीला रोज काहीतरी वाचायची सवय लागावी असं अण्णांच्या मनाने घेतलं. संध्याकाळी सगळ्यांचा पेपर वाचून झाला की ते दाढीचं जुनं ब्लेड आणि लोखंडी पट्टी घेऊन बसायचे. रद्दीत निघालेल्या जाड रजिस्टरांमध्ये, त्या उभ्या लाल रेघांवर, रोजची पट्टी चिकटायची. आई त्यासाठी मैद्याची खळ शिजवून द्यायची आणि कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. (मोरचूद आज कुणी घालू नका, ते विषारी आहे आणि पुढे कागदालाही खातं.) वर कोपऱ्यात अण्णा शाईपेनाने तारीख घालायचे. निळी शाई, वळणदार आकडे. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशीकाकू ही मंडळी आमच्या घरात अशी पाच रजिस्टरं भरून राहायला होती. १९९७च्या सुमारास खळ करणं मागे पडलं आणि बाटलीतला पांढरा गोंद आला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अण्णा गेल्यावर रजिस्टरं दादाकडेच राहिली. मी लग्न होऊन पुण्याला आलेले, माझ्या दोन खोल्यांत ती कुठे ठेवू, असं मीच म्हटलं होतं. २०१९ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. रस्ता सुरू झाल्याबरोबर मी मिळेल त्या गाडीने सांगलीला पोचले. घरासमोर गाद्यांचा, भिजलेल्या धान्याच्या पोत्यांचा आणि फुगलेल्या प्लायवूडचा ढीग होता. त्याच्यावर दोन रजिस्टरं पडलेली, पाणी गळत असलेली. बाकीची तीन आदल्या दिवशीच कचऱ्याच्या डंपरमध्ये गेली होती. लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होती सगळी.

मी ती दोन उचलली तेव्हा दादा म्हणाला, ‘टाक गं ते. पुस्तकं मिळतात की दुकानात.’

पुण्याला येताना मी मोठी चूक केली. रजिस्टरं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणली. घरी येऊन पिशवी उघडली तर कडेला राखाडी बुरशीची लव आली होती. ओळखीच्या एक ताई पोथ्यांच्या जतनाचं काम करतात. रात्री त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘वाळवायची घाई करू नकोस, आधी गोठव. बुरशी थांबेल, मग सावकाश काम कर.’ फ्रीजरमधल्या मटारच्या पिशव्या काढून मी दोन्ही रजिस्टरं बटर पेपरमध्ये गुंडाळून आत ठेवली. नंतर जवळपास दोन महिने, दर शनिवारी, थोडी थोडी पानं काढायची, जुन्या सुती साडीवर पसरायची, पंखा मंद ठेवायचा. ऊन अजिबात नाही. उन्हात कागद पापडासारखा वळतो आणि मग सरळ होत नाही.

तेव्हा खळीची करामत दिसली. पहिल्या रजिस्टरमधल्या पट्ट्या ओल्या कागदावरून अलगद सुटून आल्या, काही तर आपोआप. मैद्याची खळ पाण्याने सैल होते. दुसऱ्या रजिस्टरच्या शेवटच्या भागात, जिथे पांढरा गोंद लागला होता, तिथे एकही पट्टी सुटली नाही. ओढली की चित्राचा थर वर आणि अर्धा कागद खाली. त्या मी तशाच सोडल्या आहेत.

पण अण्णांच्या तारखा गेल्या होत्या. शाईपेनाची शाई पाण्यात विरघळून प्रत्येक कोपऱ्यात नुसता फिकट निळा डाग उरला होता. साडीवर ओळीने पसरलेल्या शेकडो पट्ट्या आणि क्रम कशालाच नाही. छपाईची शाई मात्र तेलाची असते, ती शाबूत होती. पुढची पण आणि मागची पण.

मागची बाजू मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. इतकी वर्षं ती खळीखाली झाकलेली होती. एका पट्टीच्या मागे भूकंपग्रस्तांना मदत देणाऱ्यांच्या यादीचा तुकडा, नाव आणि पुढे रुपये, ११, २१, ५१. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा, म्हणजे ही पट्टी त्या ऑक्टोबरातली. एकीच्या मागे ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नका म्हणून सूचना. २४ ऑक्टोबर १९९५चं खग्रास, त्याच आठवड्यातली दिवाळी. एकीच्या मागे ईडन गार्डन्सच्या स्टँडमध्ये पेटवलेल्या कागदांचा अर्धा फोटो. विश्वचषकाची उपांत्य फेरी, १३ मार्च १९९६, म्हणून पट्टी १४ किंवा १५ तारखेची. बाजारभाव, सांगलीच्या थिएटरांच्या जाहिराती, ‘रोज ३ खेळ’, पावसाचे आकडे. त्यांच्या आधाराने मी ६११ पट्ट्यांपैकी साधारण ४०० पट्ट्यांचा महिना तरी लावला, आणि शंभरेक पट्ट्यांची अगदी तारीख. खाली किल्ल्यावरचे मावळे मांडणारा चिंटू, आणि पाठीवर त्याच दिवाळीतलं ग्रहण. एकाच कागदाच्या दोन बाजू.

दादा, हे उत्तर तुझ्यासाठी पण आहे. पुस्तकात विनोद असतो, पण तो ज्या दिवशी घरोघरी पोचला तो दिवस नसतो.

आणि छापील संग्रहात सगळं जसंच्या तसं येतं हा समजसुद्धा चुकीचा आहे. वेताळाचं, म्हणजे इंग्रजीतल्या ‘फँटम’चं, उदाहरण घ्या. ली फॉकची ती मालिका फेब्रुवारी १९३६पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींत यायची. आपल्याकडे बहुतेकांनी ती इंद्रजाल कॉमिक्समध्ये वाचली, १९६४ ते १९९०, मराठीतूनही. इंद्रजालच्या पानांत बसवायला चौकटी कापल्या जायच्या, काही गाळल्या जायच्या, रंग नव्याने भरलेले असायचे. मुळात बंगालशी मिळतंजुळतं नाव असलेला तो देश आपल्याकडे ‘डेंकाली’ झाला. इंद्रजालवर माझं प्रेम आहे, माझ्या मामाकडे सुटकेसभर अंक होते. पण ज्याच्याकडे फक्त इंद्रजाल आहे, त्याच्याकडे पेपरातला वेताळ नाही. तो हवा असेल तर पेपरच जपलेला असावा लागतो.

अमेरिकेतही हे सगळं एका माणसाच्या हट्टामुळे वाचलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या ग्रंथालयांनी जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म (पानांचे फिल्मवर घेतलेले बारीक फोटो) काढली आणि मूळ बांधीव फाइली टाकून द्यायला सुरुवात केली. मायक्रोफिल्म काळीपांढरी, आणि रविवारच्या पुरवणीतल्या चित्रमालिका रंगीत! विन्सर मॅकेची ‘लिटल निमो’ १९०५ साली पूर्ण पानभर रंगात छापली जायची, ती फिल्मवर करड्या डागांसारखी दिसते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बिल ब्लॅकबिअर्ड नावाचा माणूस या फाइली मिळवायला निघाला. ग्रंथालयं खासगी माणसाला देईनात, म्हणून त्याने १९६८मध्ये रीतसर संस्थाच काढली आणि स्वतःच्या घरात फाइली भरत गेला. १९९८मध्ये तो संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला तेव्हा सहा मोठे ट्रक लागले, वजन ७५ टन. आज जुन्या अमेरिकन चित्रमालिकांची जी देखणी पुनर्मुद्रणं निघतात, त्यातल्या कितीतरींच्या मुळाशी हे कागद आहेत. म्हणजे पुस्तकं निघतात तीसुद्धा कुणीतरी रद्दी जपली म्हणून. दादाचं म्हणणं नेमकं उलटं आहे.

आता तुमच्या वह्यांबद्दल. पिवळेपणाला घाबरू नका. वर्तमानपत्राचा कागद लाकूड नुसतं दळून केलेला असतो, त्यात लिग्निन नावाचा लाकडातला घटक राहतो, उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो आणि आम्ल तयार होऊन कागद ठिसूळ होतो. हे थांबत नाही, पण खूप मंद करता येतं. अंधार, कोरडी जागा, आणि आम्लरहित कागदाचे फोल्डर, एवढ्याने वर्षानुवर्षं मिळतात. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ वासाचे प्लॅस्टिक फोल्डर नकोत, ते पीव्हीसीचे असतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिएस्टरचे मागा. माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका. सगळ्यात खालच्या कप्प्यातही ठेवू नका, हे मी वेगळं सांगायला नको.

सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. लॅमिनेशन केलेलं कात्रण मेलं असं समजा, ते गरम प्लॅस्टिक परत कधीच निघत नाही आणि आतलं आम्ल आतच कागद खात बसतं. शेजारचा झेरॉक्सवाला ‘ताई, कायमचं टिकेल’ म्हणून सांगेल. ऐकू नका.

चिकटवलेल्या पट्ट्या सोडवायच्या भानगडीत पडू नका. माझ्या पुराने सोडवल्या. तुम्ही वही अख्खी ठेवा, वहीसुद्धा वडिलांचीच आहे. सुट्ट्या पट्ट्या असतील तर दोन्ही बाजू स्कॅन करा. ६०० डीपीआय, चित्र काळंपांढरं असलं तरी रंगीतच, आणि जपून ठेवायची प्रत टिफ (TIFF) प्रकारच्या फाइलमध्ये. पट्टीच्या पाठीमागे काळा कार्ड पेपर ठेवा, म्हणजे मागची छपाई पुढे उमटणार नाही. ही एक युक्ती कळायला मला तीन महिने लागले. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कागदावर तारीख लिहायची तर पेन्सिलने, मागच्या बाजूला, हलक्या हाताने.

हरवलेल्या पट्ट्या कुठे मिळतील हे तुम्ही विचारलंय. जुन्या नगर वाचनालयांच्या बांधीव फाइली, वर्तमानपत्राचा स्वतःचा संदर्भ विभाग, आणि रद्दीवाले. वाचनालयात आधी पत्र द्या, मग जा, आणि ग्रंथपालांशी गोडीने बोला. याहून जास्त मला अनुभव नाही, कारण मी शोधायला गेले तेव्हा एका वाचनालयात तीच वर्षं जागेअभावी विकून टाकलेली निघाली. त्या दिवशी मी बाहेरच्या पायरीवर बसून रडले.

काही गोष्टी वरच सांगायला हव्या होत्या. बुरशी लागलेली वही हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला, आणि घरात कुणाला दमा असेल तर ती दुसऱ्या खोलीत ठेवा. वही पूर्ण काळी पडली असेल तर तिच्यासाठी आजारी पडू नका. स्कॅन केलेल्या पट्ट्या फेसबुकवर टाकू नका. कॉपीराइट निर्मात्यांचा आहे आणि आपल्या कायद्याने तो त्यांच्यानंतरही साठ वर्षं राहतो. घरात जपणं वेगळं आणि वाटणं वेगळं.

आणि दादाचं घर बुडालं होतं. वहिनी तीन दिवस एका शाळेच्या वर्गात सासूला घेऊन राहिली होती, घरात चमचाभर कोरडं धान्य नव्हतं. अशा माणसाने कागद फेकले म्हणून त्याच्याशी दोन वर्षं नीट न बोलणं बरोबर नव्हतं. त्याचं वाक्य तरीही चूक होतं.

गेल्या दिवाळीत त्याच्या मुलीने मराठीच्या तासाला चिंटूबद्दल ऐकलं आणि तिला आजोबांची वही बघायची होती. दादाचा फोन आला, ‘कुरिअरने पाठवतेस का?’ मी स्कॅन पाठवले, सगळे ६११. रजिस्टर पाठवलं नाही. म्हटलं, तिला घेऊन ये, चार दिवस राहा, इथे बसून वाचू दे. ते आले. पोरगी पुढची बाजू वाचत होती आणि दादा मागची. किल्लारीच्या यादीपाशी तो बराच वेळ थांबला, मग चष्मा काढून मला विचारलं, अण्णांनी तेव्हा किती दिले होते गं?