‘भरून मोकळं व्हावं’ म्हणता, पण मोकळं कोण होतं?

प्रश्न : मी नाशिकच्या एका सहकारी बँकेत नोकरीला आहे, वय 52. मिस्टरांचं अंबड एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. यंदा दिवाळीत, 10 नोव्हेंबरला, आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई (74) असे सिंगापूर आणि तिथून चार रात्रींच्या क्रूझला निघतोय. चौघांचं पॅकेज 5,40,000 रुपये, टीसीएस (पॅकेजवर आगाऊ कापला जाणारा आयकर) वेगळा. बुकिंगचे 1,00,000 भरले आहेत. उरलेले 4,40,000 निघण्याच्या 45 दिवस आधी भरायचे आहेत. पण ते सगळे 28 फेब्रुवारीच्या आत भरले तर त्यावर 3 टक्के सूट, असा कंपनीतून दर दोन दिवसांनी फोन येतो. माझी पाच वर्षांची आरडी संक्रांतीला सुटली, तेवढेच पैसे खात्यात आहेत. मिस्टर म्हणतात, तोवर माझ्या सीसीत (धंद्याच्या कॅश क्रेडिट कर्जखात्यात) टाक, 11 टक्के व्याज वाचेल. मला वाटतं, भरून मोकळं व्हावं. घरात राहिले तर कशात ना कशात जातील. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही. काय करावं?

उत्तर : ताई, आधी निकाल सांगतो, मग हिशेब. पैसे आत्ता भरू नका. सीसीतही टाकू नका. तुमच्या एकटीच्या नावाने एफडी करा, 21 सप्टेंबरला सुटेल अशी, आणि कंपनीला ठरलेल्या तारखेला द्या.

सूट म्हणजे काय ते आधी बघू. 4,40,000 वर 3 टक्के म्हणजे 13,200 रुपये. ऐकायला बरे वाटतात. पण ते मिळवायला तुम्ही 4,26,800 रुपये सात महिने आधी हातातून सोडताय. वर्षाच्या हिशेबात हा परतावा होतो साधारण 5.3 टक्के. तुम्ही लिहिलंय की तुमच्या बँकेत कर्मचाऱ्यांना ठेवीवर 1 टक्का जादा मिळतो आणि सात महिन्यांच्या एफडीला तुम्हाला 7 टक्के पडतात. 4,40,000 वर तेवढ्या काळात सुमारे 18,000 रुपये व्याज होतं. तुमचं सगळं उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे आणि तुम्ही नव्या करप्रणालीत आहात, म्हणजे त्या व्याजावर कर पडणार नाही. फरक पावणेपाच हजारांचा, आणि तो तुमच्या बाजूने.

आता टीसीएस. परदेशी सहलीच्या पॅकेजवर 31 मार्च 2026 पर्यंत वर्षाला 10 लाखांपर्यंत 5 टक्के टीसीएस कापतात. 2026 च्या अर्थसंकल्पात तो 1 एप्रिल 2026 पासून सरसकट 2 टक्के करण्याचा प्रस्ताव आहे. तुम्ही फेब्रुवारीत भरलेत तर 4,26,800 वर 21,340 रुपये टीसीएस, म्हणजे एकूण 4,48,140 द्यावे लागतील. आरडीचे आहेत 4,40,000. वरचे आठ हजार कुठून आणणार, हे फोनवरच्या मुलीने विचारलं नसेल. सप्टेंबरमध्ये 2 टक्क्यांनी 8,800 लागतील, एकूण 4,48,800. तोवर एफडी झालेली असेल जवळपास 4,58,000. सगळं भागून नऊ हजार उरतात.

टीसीएस हा खर्च नाही, रिटर्न भरल्यावर तो परत मिळतो, हे तुम्ही बँकेत असल्याने जाणताच. फेब्रुवारीत कापलेला यंदाच्या जुलैच्या रिटर्नमधून मागता येईल, सप्टेंबरचा पुढच्या वर्षीच्या. पण 21,000 सहा महिने अडकणं आणि 8,800 वर्षभर अडकणं यात व्याजाचा फरक शे-दीडशे रुपयांचा आहे. त्यावर डोकं खाऊ नका. फक्त पावती कोणाच्या पॅनवर फाडली आहे ते बघून घ्या. बुकिंग मिस्टरांच्या नावावर असेल तर आधी कापलेले 5,000 त्यांना 15 मार्चच्या अॅडव्हान्स टॅक्समधून वळते करता येतील.

इथवरचा सगळा हिशेब काही हजारांचा आहे. खरा प्रश्न पुढे आहे.

तुमच्या बँकेतल्या ठेवीला, मुद्दल आणि व्याज मिळून, 5 लाखांपर्यंत डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं, विमा संरक्षण आहे. पगाराचं खातं धरून त्या बँकेतली तुमच्या नावची रक्कम तेवढ्यात बसते ना, एवढं पाहा. टूर कंपनीला आगाऊ दिलेल्या पैशाला असं काहीही नाही. तुम्ही ग्राहक म्हणून पैसे देता, पण बोट निघेपर्यंत प्रत्यक्षात तुम्ही त्या कंपनीच्या सावकार असता, तेही बिनतारण. बँकेत कर्जाच्या फाइलवर तारण नसेल तर तुम्ही सही कराल का?

मी कोणाला घाबरवत नाही. पण 2019 मध्ये कॉक्स अँड किंग्ज ही अडीचशे वर्षांची परंपरा सांगणारी कंपनी देणी थकवून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मुंबईहून निघणारी कर्णिका बोट आठवते? 2019 मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली. वर्षभरात करोना आला, 2020 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि बोट अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. सिंगापूरचंच घ्या. गेंटिंग ड्रीम ही आपल्याकडच्या पर्यटकांची आवडती बोट. जानेवारी 2022 मध्ये तिची मूळ कंपनी, गेंटिंग हाँगकाँग, कोसळली. त्याच वर्षी जूनमध्ये बोट नव्या कंपनीच्या नावाने पुन्हा सिंगापूरहून निघाली. जहाज तेच, डेक तोच, बुफे तोच. ज्यांचे पैसे जुन्या कंपनीकडे होते ते मात्र देणेकऱ्याच्या दारात रांगेत उभे. बोट तरंगते आहे म्हणून आपला पैसा तरंगतो आहे असं नसतं.

तुमची कंपनी बुडेल असं म्हणत नाही. शक्यता कमी आहे. पण कमी असलेली जोखीमही कोणी फुकट का घ्यावी? सात महिन्यांसाठी ती घ्यायची तर एफडीपेक्षा चांगलं घसघशीत काही मिळायला हवं. इथे तर एफडीपेक्षा कमी मिळतंय. त्यांनी 6 टक्के सूट दिली असती तर मी थोडा थांबून विचार केला असता. तुम्ही फोनवर मागून तर बघा. नाही म्हणाले तर काही बिघडत नाही.

आणि सासूबाई. पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही त्यांच्या गुडघ्याचा उल्लेख केलात, मी तो पहिल्या ओळीत धरतो. पाठवलेल्या अटींचा फोटो मोठा करून वाचला. 45 दिवसांच्या आधी रद्द केलं तर बुकिंगची रक्कम जाते, 45 ते 30 दिवसांत निम्मे पैसे, 30 दिवसांच्या आत सगळे. खाली बारीक अक्षरांत असंही आहे की परतावा ‘90 कामकाजी दिवसांत, किंवा कंपनीच्या निर्णयानुसार क्रेडिट नोटच्या स्वरूपात’. क्रेडिट नोट म्हणजे पैसे नव्हेत, त्याच कंपनीच्या पुढच्या सहलीत वळती करायची चिठ्ठी. ‘कंपनीच्या निर्णयानुसार’ हे दोन शब्द पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा. आत्ता पूर्ण पैसे भरलेत आणि ऑगस्टमध्ये डॉक्टर म्हणाले की दिवाळीआधी ऑपरेशन करू, तर तुमच्या हातात नोटा नाहीत, नोट येईल. पैसे तुमच्या एफडीत असतील तर फार तर सासूबाईंचे 25,000 जातील.

क्रूझचा आणखी एक वाकडा कोपरा बऱ्याच जणांना निघायच्या आठवड्यात कळतो. तिकीट माणशी दिसतं, पण हिशेब केबिनचा असतो, दोघांनी मिळून राहायचं हे गृहीत धरून. सासूबाई आणि मुलगी एका केबिनमध्ये आहेत. सासूबाई गळाल्या तर मुलीच्या एकटीच्या केबिनचा दर जवळपास दुप्पट लावतात. तेव्हा आजच कंपनीला मेल करून विचारा : एक जण कमी झाल्यास तिघांना एका केबिनमध्ये घेणार का, आणि किती पैशांत? त्याच मेलमध्ये दुसरं विचारा : दोन्ही केबिन शेजारी आणि लिफ्टजवळ, असं बुकिंगच्या रकमेवर पक्कं झालंय का? पूर्ण पैसे लवकर भरले की केबिन पक्की होते असं फोनवर सूचित करतात. लेखी विचारलं की बहुधा उत्तर बदलतं.

प्रवास विमा आहेच, म्हणाल. विमा घ्याच. पण आधीपासून असलेल्या दुखण्यामुळे सहल रद्द झाली तर तो बहुतेक पॉलिसींमध्ये चालत नाही, आणि गुडघेदुखी आधीपासूनची आहे हे सगळ्या घराला माहीत आहे.

डॉलरची भीती खरी आहे. डिसेंबर 2025 मध्ये त्याने नव्वद रुपयांची पातळी ओलांडली. तुमच्या पॅकेजमध्ये क्रूझचा भाग, साधारण 1,80,000 रुपये, डॉलरमध्ये आहे आणि भरायच्या दिवशीचा दर लागतो. रुपया आणखी 3 टक्क्यांनी उतरला तर 5,400 रुपये जास्त जातील. मघाचे उरलेले नऊ हजार आहेत ना, ते याच्यासाठीच समजा.

आता मिस्टर. गणित त्यांचंच सर्वांत बरोबर आहे, हे आधी कबूल करतो. सीसीवर 11 टक्के लागत असतील तर 4,40,000 सात महिने तिथे ठेवून 28,000 रुपयांहून जास्त व्याज वाचतं. सूट, एफडी, सगळ्यांच्या वर. तरी मी नको म्हणतो. सीसीत पैसे गेले म्हणजे पिठात मीठ पडलं, वेगळं काढता येत नाही. पैसे परत काढायचे म्हणजे लिमिट मोकळं हवं, आणि लिमिट स्टॉक स्टेटमेंटवर, म्हणजे बँकेला दिलेल्या मालाच्या हिशेबावर, चालतं. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी माल भरायचा, एखाद्या गिऱ्हाइकाचं बिल नव्वद दिवस अडकायचं, आणि कामगारांच्या बोनसची तयारी दसऱ्याआधीच सुरू व्हायची. सप्टेंबरच्या शेवटी ते ‘आठ दिवस थांब’ म्हणतील, त्यात लबाडी नसेल, धंदाच तसा असतो. पण बोट आठ दिवस थांबत नाही. हे माझ्या टेबलासमोर बसलेल्या नवरा-बायकोंत मी इतक्यांदा पाहिलंय की 28,000 सोडायला मला वाईट वाटत नाही. त्यांना अगदीच वाटत असेल तर ड्रॉइंग पॉवर (म्हणजे त्या हिशेबाने काढता येणारी रक्कम) किती, उचल किती, हा कागद तुम्हाला दाखवू देत. तुम्ही रोज असले कागद वाचता. त्यातलं अंतर दर महिन्याला 4,40,000 पेक्षा बरंच जास्त राहत असेल तर मी माझं मत बदलेन.

राहिलं तुमचं ‘मोकळं व्हावं’. ते मी हसण्यावारी नेत नाही. पैसा बचत खात्यात पडून राहिला तर फ्रिज बिघडतो, चुलत घरात लग्न निघतं, हे खरंच होतं. म्हणून तर एफडी. ती मोडायला फॉर्मवर सही लागते, समोर तुमचाच सहकारी बसलेला असतो, तो ‘का मोडताय मॅडम?’ विचारणार. तेवढी लाज पुरते. आणि भरून टाकल्यावर मोकळं कोण होतं ते बघा. माझ्याकडचं एक कुटुंब मे 2020 च्या सहलीचे सगळे पैसे डिसेंबरातच भरून असंच मोकळं झालं होतं. पुढची दोन वर्षं ते एका क्रेडिट नोटची मुदत वाढवून घेण्यात अडकले होते. शेवटी ती वापरली, वर नव्या दराचा फरक भरून.

तारखेचं नीट लक्षात घ्या. 10 नोव्हेंबरच्या 45 दिवस आधी येतो 26 सप्टेंबर. तो चौथा शनिवार आहे, बँक बंद. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकीत नाशिकचे रस्ते बंद. म्हणून 21 ला, सोमवारी, एफडी सुटू द्या आणि 23 पर्यंत पैसे कंपनीच्या खात्यात जाऊ द्या. कंपनीच्याच खात्यात. ‘सरांच्या यूपीआयवर टाका’ असं कोणी म्हणालं तर टाकू नका. पावतीवर चौघांची नावं आणि केबिनचे नंबर हवेत. चौघांचे पासपोर्ट आजच कपाटातून काढून बघा. प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते, आणि घरात एकाचा तरी संपत आलेला निघतोच.

क्रूझवर टिप, वाय-फाय, बंदरावरच्या सहली यांचे वेगळे पैसे लागतात. त्यासाठी आतापासून महिन्याला 5,000 ची नवी आरडी सुरू करा, नोव्हेंबरपर्यंत 40,000 होतील. आणि पाडव्याला निघताय म्हणजे भाऊबीज बोटीवर. भावाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो वेगळाच हिशेब मांडेल.

सासूबाईंना मार्चमध्येच हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. ऑपरेशन कधी, की नाहीच, याचं उत्तर 21 सप्टेंबरच्या आत हातात हवं.