चुकून विंडोज ११ आलं, आता मागं कसं जायचं?

प्रश्न: शनिवारी कॉम्प्युटरवर विंडोज ११ चं अपडेट दाखवून राहिलं होतं, मी भाजी फोडणीला टाकता टाकता घाईत 'हो' दाबलं आणि झालं न कल्याण, आता यांचा जुना प्रिंटर एक कागद काढत नाही. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारा. फोटो जातील का हो?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: ताई, फॉरमॅटचं नावच काढू नका सध्या. जुनं विंडोज अजून सी ड्राइव्हमध्येच आहे, विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये, पण फक्त १० दिवस, नंतर ते आपोआप उडतं, म्हणून जागा करायला डिस्क क्लीनअप वगैरे आत्ता चालवू नका. आधी फोटो पेनड्राइव्हवर घ्या. मग सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, तिथं 'गो बॅक' दिसेल, ते दाबा. तुमच्या फाइली राहतात, शनिवारनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात. मधात लाइट गेली तर पंचाईत, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ती कधी जाईल सांगता येते का, तेव्हा यूपीएस असल्याशिवाय हात लावू नका.

पण खरं सांगू, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, त्यामुळे मागं जाण्याआधी प्रिंटर कंपनीच्या साइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरकडून प्रिंटर चालवून घेणारा छोटा प्रोग्राम, मिळतो का ते बघा, मिळाला तर आहे तिथंच रहा.