सर्वोच्च न्यायालयाचं खंडपीठ कुठे असतं?

सिन्नरहून एका वाचकाने विचारलं आहे: "पेपरात 'सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने' असं छापून येतं. खंडपीठ तर संभाजीनगरला आहे ना? मग दिल्लीचं कुठलं?"

शंका रास्त आहे. एकाच शब्दाला आपण दोन कामांना जुंपलंय.

पीठ म्हणजे बसायची जागा, आसन. वणीच्या सप्तशृंगीला आपण साडेतीन पीठांतलं अर्धं म्हणतो, तेच हे पीठ. मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईबाहेर मांडलेलं असं आसन म्हणजे एक खंडपीठ, जसं नागपूर, संभाजीनगर, पणजी. हा अर्थ गावाशी बांधलेला. सिन्नरचं अपील मुंबईला जातं, पण पलीकडे संगमनेर लागलं की जिल्हा बदलतो आणि तिथलं प्रकरण संभाजीनगरला जातं. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाबाहेर 'मॅटर खंडपीठाला गेलं' हे बहुधा याच अर्थाने ऐकू येतं.

दुसरा अर्थ माणसांच्या संख्येशी बांधलेला. उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्ती एकत्र बसले की तेही खंडपीठ, एकटे बसले तर एकल पीठ. म्हणून 'औरंगाबाद खंडपीठाच्या एकल पीठाने' असं वाक्य विनोदी वाटलं तरी बिनचूक असतं.

सर्वोच्च न्यायालय बसतं ते दिल्लीतच. राष्ट्रपतींच्या मान्यतेने सरन्यायाधीश दुसरी जागा ठरवू शकतात, अशी सोय राज्यघटनेच्या १३०व्या अनुच्छेदात आहे, पण दिल्लीबाहेर कायमचं दुसरं आसन आजवर मांडलेलं नाही. म्हणजे बातमीतलं खंडपीठ हे दुसऱ्या अर्थाचं, दोघा-तिघा न्यायमूर्तींचं. मी तिथे नुसतं 'पीठ' लिहितो आणि आकडा देतो, 'दोन न्यायमूर्तींच्या पीठाने'. घोटाळाच नको.

आकडा द्यायचा तो हौस म्हणून नव्हे. राज्यघटनेचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न असला की किमान पाच जण बसावे लागतात, त्याला घटनापीठ म्हणतात. आणि एका पीठाचा निकाल तेवढ्याच किंवा त्याहून लहान पीठाला फिरवता येत नाही. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरा जण बसले होते. तो निकाल पुन्हा तपासायचा, तर अकरांपेक्षा जास्त हवेत. म्हणून केशवानंद भारती खटल्याला तेरा बसले. १९७३ साली सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरलं की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. बातमीदाराने तिथे 'खंडपीठ' लिहिलं, तर ही सगळी गंमत मातीत जाते.

जाता जाता, 'खंडपिठाने' लिहू नका. गिरणीतलं पीठ 'पिष्ट'पासून आलेलं, म्हणून ते 'पिठाचा डबा' असं ऱ्हस्व होतं. न्यायालयाचं पीठ जसंच्या तसं संस्कृतातून आलंय, त्याची ई दीर्घच राहते: खंडपीठाने, घटनापीठापुढे.