यवतमाळसारख्या शेतीच्या जिल्ह्यात वाहन उद्योगामुळे लोकांना खरंच काम मिळतं का? आणि गाड्या आहेत कोणाकडे?

दारव्हा तालुक्यात ट्रॅक्टर-मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी १४ वर्षं काउंटरवर आहे. रोज जे दिसतं त्यावरून सांगतो.

गाड्या बनवणारे कारखाने विदर्भात आहेत, पण आमच्यापासून लांब. महिंद्राचे ट्रॅक्टर नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत बनतात, अशोक लेलँडचा कारखाना भंडारा जिल्ह्यात गडेगावला आहे. आमच्या एमएच-२९ मध्ये, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, येते ती तयार गाडी, आणि लोकांच्या हाताला काम मिळतं ते ती रस्त्यावर आल्यावर.

एका ट्रॅक्टरचंच बघा. मालकाचं वावर पाच-सात एकर. तेवढ्यावर ट्रॅक्टर परवडत नाही, म्हणून तो गावभर नांगरटी, रोटावेटर, पेरणी भाड्यानं करतो, त्यासाठी ड्रायव्हर ठेवतो. सोयाबीन निघालं की थ्रेशर त्याच ट्रॅक्टरवर चालतं, त्यावर सात-आठ मजूर लागतात. मग कापूस जिनिंगला न्यायला ट्रॉली. टायरवाला, वेल्डिंगवाला, मिस्त्री, त्याच्या हाताखालचा पोऱ्या आणि आम्ही, सगळे त्याच्यावरच. मृग तोंडावर आला की सकाळी शटर उघडायच्या आधीच चार कास्तकार उभे असतात. एखाद्याच्या हातात तेलानं काळं झालेलं बेअरिंग फडक्यात गुंडाळलेलं असतं. "भाऊ, अस्संच द्या, पाणी यायच्या आत पेरणं आहे." यातलं निम्मं उधारीवर जातं. वहीत लिहून ठेवतो, पैसे सोयाबीन विकल्यावर येतात.

मोटारसायकल आता तीन एकरवाल्याकडेही आहे. त्यात चैन नाही. गावात एसटीच्या दोन फेऱ्या, आणि बँक, दवाखाना, कृषी केंद्र सगळं तालुक्याला. पण नुसत्या आरटीओच्या नोंदी पाहून अंदाज बांधू नका. सेकंडहँड गाडी तीन हात फिरते, तरी आरसीवर नाव पहिल्याचंच राहतं. शिवाय ज्या घरी गाडी आहे त्या घरच्या बाईच्या हातात ती क्वचितच येते. दुसऱ्या गावाला कापूस वेचायला जाणाऱ्या पंधरा-वीस बाया मालवाहू गाडीत दाटीवाटीनं उभ्यानं जातात. गाडी उलटल्याच्या बातम्या येतात तेव्हा माझा जीव तुटतो.

सगळ्यात मोठी अडचण हप्त्याची आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते बँका बऱ्याचदा सहामाही बांधून देतात, हंगामाला धरून. मोटारसायकलचा हप्ता मात्र दर महिन्याला. कास्तकाराच्या घरात महिन्याच्या महिन्याला पैसा येतो कुठून? सोयाबीन दसरा-दिवाळीला, कापूस त्यानंतर उन्हाळा लागेपर्यंत. जून ते ऑगस्ट नुसतं बियाणं, खत, निंदण. माझ्या चुलतभावाचे तीन हप्ते थकले, तर ऐन श्रावणात फायनान्सच्या माणसांनी चौकातून गाडी ओढून नेली. हँडलला फवारणीच्या औषधाची पिशवी अडकवलेली होती, ती काढून त्याच्या हातात दिली. सात किलोमीटर पायी आला तो, अंगणात बसून राहिला, कोणाशी बोलला नाही. दुचाकीचा हप्तासुद्धा सोयाबीन-कापसाला धरूनच बांधून दिला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. बुडवायची नियत नसते हो लोकांची.

किंमत कमी झाली की विक्री वाढते, असं शहरातले लोक म्हणतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवरचा २८ वरून १८. चांगलंच झालं. पण त्याच हंगामात अतिवृष्टीनं आमच्याकडचं सोयाबीन झोपवलं. त्या हंगामाचा हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल, आणि डागी माल बाजारात त्याच्या कितीतरी खाली गेला. त्या दिवाळीला आमच्या काउंटरवरून जुन्या गाड्यांच्या क्लचप्लेटाच जास्त गेल्या. जूनची उधारी दिवाळीत फिटते, ती त्या वर्षी कापूस विकेपर्यंत वहीतच राहिली.