वाचकांचे प्रश्न : सी ड्राइव्ह भरला, आता काय पुसू?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत तक्रार एकच आहे: संगणक भरला आहे किंवा मंदावला आहे, आणि कोणीतरी त्यावर ‘सफाईचा प्रोग्रॅम’ टाकण्याचा सल्ला दिला आहे. पत्रलेखक विंडोज वापरणारे असल्याने उत्तरेही विंडोजपुरतीच दिली आहेत.

प्रश्न : मी पतसंस्थेतून निवृत्त झालेला हिशेबनीस आहे. माझ्या लॅपटॉपचा २५६ जीबीचा सी ड्राइव्ह लाल दिसू लागल्यावर शेजारच्या मुलाने एक मोफत क्लीनर टाकून दिला. तो आता ‘१,४०० त्रुटी सापडल्या’ असे सांगून त्या दुरुस्त करण्यासाठी पैसे मागतो. भरावेत का? — एक वाचक, सातारा

उत्तर : भरू नयेत. त्या १,४०० ‘त्रुटी’ बहुधा रजिस्ट्रीतील जुन्या नोंदी असाव्यात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची स्वतःची कीर्द-खतावणी. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या चार नोंदी तीत उरल्या, तर जागाही अडत नाही आणि वेगही घटत नाही. उलट चुकीची नोंद खोडली गेली, तर चालू असलेला प्रोग्रॅम बंद पडू शकतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्टपणे जाहीर केलेले आहे. शिवाय २०१७ साली सीक्लीनर या अतिशय लोकप्रिय सफाई-प्रोग्रॅमच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला होता आणि ती लाखो संगणकांवर पोहोचली होती. आपल्याकडचा क्लीनर सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीतून काढून टाकावा.

आता मूळ दुखण्याकडे वळू. जागा कशाने खाल्ली हे पाहिल्याशिवाय काहीही पुसू नये. त्यासाठी विनडरस्टॅट किंवा विझट्री यांपैकी एक प्रोग्रॅम पुरतो. पहिला पूर्णतः मोफत व मुक्तस्रोत आहे, दुसरा घरगुती वापरासाठी मोफत आहे. दोन्ही प्रोग्रॅम ड्राइव्हवरील फाइली लहान-मोठ्या रंगीत चौकोनांच्या रूपात दाखवतात आणि सर्वांत मोठा चौकोन कोणाचा हे पाहताच निम्मा उलगडा होतो. विझट्री काही सेकंदांत काम संपवतो, कारण तो एकेक फोल्डर उघडत बसण्याऐवजी एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडण्याची नेहमीची पद्धत) वापरणाऱ्या ड्राइव्हची मुख्य नोंदवहीच वाचतो. ग्रंथपालाने कपाटे न धुंडाळता दाखल-नोंदवही पाहावी, तसे हे आहे.

घरगुती संगणकावर मोठे चौकोन निघतात ते बहुधा ठरावीकच. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेले व्हिडिओ, मोबाइलचा कधीकाळी घेतलेला बॅकअप, डाउनलोड्समध्ये साचलेले इन्स्टॉलर, आणि विंडोजची मोठी सुधारित आवृत्ती नुकतीच बसवली असल्यास ‘विंडोज.ओल्ड’ नावाचा फोल्डर. हा शेवटचा फोल्डर जुन्या आवृत्तीकडे परत जाता यावे म्हणून ठेवलेला असतो आणि एरवी दहा दिवसांनी आपोआप नाहीसा होतो. ‘हायबरफिल’ ही मोठी फाइल संगणक झोपवताना रॅममधील मजकूर उतरवून ठेवण्यासाठी असते. तिला मी हात लावत नाही. विंडोज फोल्डरमधील ‘विनएसएक्सएस’ फुगलेला दिसतो, पण त्यातील पुष्कळ फाइली दोन ठिकाणी नोंदवलेली एकच प्रत असतात, त्यामुळे दिसणारा आकडा फसवा असतो. त्यातून किंवा शेजारच्या ‘इन्स्टॉलर’ फोल्डरमधून हाताने काही पुसले, तर पुढे विंडोजची किंवा एखाद्या प्रोग्रॅमची दुरुस्ती करणेच अशक्य होऊन बसते.

सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज या वाटेने गेल्यावर ‘टेम्पररी फाइल्स’ची यादी मिळते, सफाईसाठी तेवढी पुरेशी आहे. मात्र याच यादीत डाउनलोड्स फोल्डरही मांडलेला असतो. सगळ्याच चौकटींवर खूण करत सुटल्याने निवृत्तिवेतनाची कागदपत्रे गमावलेले गृहस्थ माझ्या परिचयात आहेत, म्हणून त्या ओळीपुढची चौकट रिकामी असल्याची खात्री करूनच पुढे जावे.

प्रश्न : आमचा २०१४ सालचा डेस्कटॉप सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे घेतो. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा. मी दर महिन्याला डीफ्रॅगमेंटही (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणे) करते. आणखी काय करावे? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : फॉरमॅट करण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व ‘डिस्क’चा रकाना पाहावा. प्रोसेसर निवांत असताना हा रकाना शंभर टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर अडचण विंडोजची नसून फिरत्या हार्ड डिस्कची आहे. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत प्रत्येक वेळी काही मिलिसेकंद जातात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात. त्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये साठवण करणारी डिस्क, बसवल्यास जो फरक पडतो, तो कोणत्याही प्रोग्रॅमने पडत नाही. २०१४ च्या डेस्कटॉपमध्ये अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी सहसा विनासायास बसते.

तत्पूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा मोफत प्रोग्रॅम चालवून जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. डिस्क स्वतःविषयी ज्या नोंदी ठेवते, त्या वाचून तो निळा, पिवळा किंवा लाल शेरा देतो. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळीत शून्याहून मोठा आकडा असला, तर डिस्कला काही भाग वाचता येत नसून त्यांचा निर्णय लांबणीवर पडला आहे असा अर्थ होतो. अशा वेळी तपासण्या, डीफ्रॅगमेंट, फॉरमॅट हे सारे बाजूला ठेवून आधी छायाचित्रे आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवावीत, कारण प्रत्येक लांबलचक तपासणी त्या थकलेल्या डिस्कला आणखी राबवते.

एसएसडी बसवल्यावर डीफ्रॅगमेंटचा नेम सोडून द्यावा. तिच्यात फिरणारे काही नसल्याने फाइलीचे तुकडे जुळवून वेग वाढत नाही, उलट लिहिण्याची झीज तेवढी होते. विंडोजला हे ठाऊक असते. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ एसएसडीला पुसलेल्या जागांची यादी कळवण्याचे काम ठरलेल्या वेळी स्वतःच करते. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ भागातून अनावश्यक प्रोग्रॅम बंद करणे हे मात्र आजच, फुकटात करता येईल. या यंत्राविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी: विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे आणि त्या काळातील प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. हे ध्यानात घेऊनच खर्चाचा निर्णय करावा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकांच्या पंधरा वर्षांच्या फाइली संगणक फॉरमॅट केल्यापासून इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांच्या खिचडीसारख्या दिसतात. त्यांना विषाणू लागला आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : विषाणू नव्हे, फॉन्ट गेला आहे. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट वापरून केलेल्या फाइलींत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात रोमन अक्षरांचे सांकेतिक क्रमांक, आणि फॉन्ट त्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार चढवतो. फॉन्ट नसला की आतले उघडे पडते. मजकूर शाबूत आहे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ज्या संगणकावर किंवा मुद्रकाकडे तो फॉन्ट अजून असेल, तेथून अधिकृत प्रत मिळवून बसवली की अंक पुन्हा वाचता येतील.

तरी कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणणे. हे काम परिवर्तक प्रोग्रॅम करतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी छापल्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफार याच्या उलट, जुन्या मजकुरात अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी. परिवर्तकाला प्रत्येक शब्दातील क्रम असा फिरवून मांडावा लागतो, आणि ‘निर्मिती’, ‘मूर्ती’, ‘वर्तुळ’ यांसारख्या शब्दांत तो घसरतो. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतील अर्ध्या ऱ्याचे तर हमखास हाल होतात. एक अंक परिवर्तित करून दोन जाणत्या माणसांनी मुद्रितशोधन करावे, चुकांचे प्रकार टिपावेत आणि मगच उरलेले चौदा हाती घ्यावेत. मूळ फाइली व फॉन्ट दोन्ही जपून ठेवावेत. पुढील फॉरमॅटपूर्वी विंडोजमधील फॉन्ट्स फोल्डरची प्रत घेण्यास विसरू नये.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानातून परत आणलेल्या पेन ड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले आहेत. — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये, क्लिक केल्यानेच विषाणू आपल्या संगणकात उतरतो. मूळ फोल्डर बहुधा तेथेच लपवलेले असतात. आधी विंडोज सिक्युरिटीतून पेन ड्राइव्हची पूर्ण तपासणी करावी. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि ‘प्रोटेक्टेड’ फाइली लपवण्यासमोरची खूण काढावी, कारण हा विषाणू फोल्डरांना सिस्टीमच्या फाइलींचे सोंग देतो. फोल्डर दिसू लागले की आतील फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा आणि काढलेली खूण परत करावी. यापुढे दुकानात न्यायचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवून त्यात छापायची पीडीएफ तेवढीच न्यावी.

प्रश्न : रिसायकल बिनही रिकामी केली, छायाचित्रे परत मिळतील का? — एक वाचक, पणजी

उत्तर : फिरती हार्ड डिस्क असेल तर मिळण्याची आशा आहे. संगणकाचा वापर तत्काळ थांबवावा, पुसलेल्या फाइली शोधणारा रेकुव्हासारखा प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि सापडलेली छायाचित्रेही वेगळ्या डिस्कवर उतरवावीत. त्याच डिस्कवर उतरवल्यास उरलेल्यांवरच लिहिले जाईल. एसएसडी असेल तर पुसलेली जागा विंडोज लगोलग मोकळी करवून घेते, त्यामुळे तेथे प्रोग्रॅमपेक्षा मोबाइलमध्ये किंवा नातेवाइकांना पाठवलेल्या संदेशांत शोधणे अधिक फलदायी ठरते.