‘मॅडम, तिला परत पाठवू की नको?’

परदेशात शिकणाऱ्या मुलांचे पालक गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न घेऊन समुपदेशक म्हणून माझ्याकडे येत आहेत. २०२२ मध्ये तो युक्रेनमुळे आला, मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला तेव्हा किर्गिझस्तानमुळे आला आणि त्याच वर्षीच्या जुलैनंतर बांगलादेशामुळे. ‘मूल तिथे सुरक्षित राहील ना?’ असे पालक विचारतात खरे, पण थोडे बोलते केले की बहुतेकांच्या मनातून दुसराच प्रश्न निघतो : ‘फोन लागला नाही तर मी काय करू?’ पहिल्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणाकडेच नसते. दुसऱ्याचे मात्र देता येते.

ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एका आईविषयी लिहिते आहे. तिची मुलगी बांगलादेशात कुमिल्ल्याजवळ एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात होती. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाविरुद्धचे विद्यार्थी आंदोलन पेटल्यावर १८ जुलै २०२४ च्या रात्री देशभरचे इंटरनेट बंद झाले, पाठोपाठ संचारबंदी लागली आणि परदेशातून केलेले साधे फोनही धड लागेनासे झाले. मुलगी पुढे महाविद्यालयाने केलेल्या गाडीतून, पोलीस बंदोबस्तात आखौरा सीमेवरून आगरतळ्याला आली. परराष्ट्र मंत्रालयाच्या अंदाजानुसार तेव्हा तिथे सुमारे ८,५०० भारतीय विद्यार्थी होते आणि आठवडाभरात त्यांतील सुमारे ६,७०० परतले. त्यांतलीच ही एक. ५ ऑगस्टला शेख हसीना यांना देश सोडावा लागला. काही महिन्यांनी महाविद्यालयाने मुलीला परत बोलावले आणि आईची झोप उडाली.

‘जाऊ नको’ म्हणणेही सोपे नव्हते. परदेशातील वैद्यकीय शिक्षणाबाबतच्या २०२१ च्या नियमांनुसार संपूर्ण अभ्यासक्रम एकाच परदेशी संस्थेत पूर्ण करावा लागतो, म्हणजे मधूनच भारतातल्या महाविद्यालयात बदली मिळत नाही.

“तिला काही होणार नाही असं तुम्ही सांगा, मग पाठवते,” त्या म्हणाल्या.

“ते मी सांगू शकत नाही, ताई.”

धीराचे दोन शब्द मला सहज बोलता आले असते, पण ते खोटे ठरले असते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने त्या जुलै-ऑगस्टमधील मृतांचा आकडा १,४०० पर्यंत असू शकतो असे नंतर नोंदवले. भीती निराधार नव्हती. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेने काम करते. त्या वाटेवर भीती खोटी ठरवायची नसते. ‘मुलगी सुखरूप असावी’ या इच्छेचे ‘ती सुखरूप आहे हे मला आत्ताच्या आत्ता कळलेच पाहिजे’ या हट्टात रूपांतर कुठे झाले, ते शोधायचे असते.

टीव्हीवर काय दिसले, कोणत्या देवाला काय बोलले, हे सगळे त्यांनी सांगितले. मग मी विचारले, “त्या दिवसांत मुलगी काय करत होती?”

त्या गप्प झाल्या. हे त्यांनी तिला कधी विचारलेच नव्हते. पुढच्या वेळी येताना तिच्याकडून ऐकून लिहून आणायला मी सांगितले.

वहीचे एक पान भरून आले. वॉर्डनने फाटकाला कुलूप लावून मुलींची हजेरी घेतली होती. बादल्या भरून ठेवल्या होत्या. तांदूळ-डाळ एकत्र करून दोन वेळची खिचडी होत होती, संचारबंदी शिथिल झाली की शिपाई बिस्किटे आणून देत होता, आणि उरलेला वेळ मुली लुडो खेळत होत्या.

“मी इथे पाण्याचा घोट न घेता देवापुढे बसले होते, आणि ही बया लुडो खेळत होती!” त्या खरोखर संतापल्या. मग हसू लागल्या आणि हसता हसता रडल्या. शांत झाल्यावर स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे मी बघत होते ते ढाक्याचं होतं. ती तिथे नव्हतीच.”

असे वाक्य समुपदेशकाने सुचवून काही उपयोग नसतो, आणि ते समोरच्याच्या तोंडून यावे म्हणून थांबता येणे हेच आमचे कसब, असे मी थोड्या अभिमानाने म्हणेन. पण मला त्या पानावरची दुसरीच एक ओळ महत्त्वाची वाटली. एकदाच फोन लागला होता तेव्हा आईने ओरडून सांगितले होते, “आत्ताच्या आत्ता निघ तिथून!” मुलगी निघाली नाही, वॉर्डनने निघू दिले नाही. बाहेर संचारबंदीत दिसताक्षणी गोळ्या घालण्याचे आदेश होते. घरच्यांची घालमेल मुलाला नेमक्या चुकीच्या वेळी रस्त्यावर ढकलू शकते, हे मी तेव्हापासून प्रत्येक पालकाला बजावते.

त्यामुळे मुलगी जाण्याआधी तिला आणि आईवडिलांना एकत्र बसवले. ठरले ते असे : हलायचे की थांबायचे हे मुलगी ठरवेल, तेही उच्चायुक्तालय आणि महाविद्यालय सांगेल त्याप्रमाणे, घरून हुकूम जाणार नाही. नेट बंद पडल्याची बातमी असेल तर दोन दिवस संपर्क नसण्याचा अर्थ ‘ती वसतिगृहात आहे’ असाच धरायचा. त्यानंतर वडील आधी वॉर्डनला, मग सोबतच्या मुलीच्या घरी आणि शेवटी ढाक्याच्या भारतीय उच्चायुक्तालयाला फोन करतील. हे नंबर कागदावर हवेत, कारण मोबाइलची बॅटरी संपली की त्यातले नंबरही गेले. मुलीने पोहोचताच उच्चायुक्तालयाकडे नाव नोंदवायचे, आठवडाभर पुरतील एवढे टाका (बांगलादेशी चलन) रोख जवळ ठेवायचे, मोर्चा दिसला तर त्याचे चित्रीकरण करायला थांबायचे नाही, आणि व्हिसाच्या कामासाठी पासपोर्ट कुठल्या कार्यालयात दिला तर परत कधी मिळणार ते विचारून पाठपुरावा करायचा. विमानांचा भरवसा नसतो, म्हणून सीमेचा रस्ताही माहीत हवा. पण त्या रस्त्याने एकटीने निघायचे नाही.

काही घरांनी मुलांना परत पाठवले नाही, वर्षे आणि पैसा सोडून दिला. तो निर्णयही मी चुकीचा मानत नाही, फक्त तो फोन न लागलेल्या रात्री घेऊ नये.

सगळे लिहून झाल्यावर मुलीने आपलीही एक अट घातली : आईने टीव्ही पाहून लगेच फोन करायचा नाही. आई थोडा वेळ विचार करत बसली.

“टीव्ही बघणार नाही असं काही म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “फोन मात्र आधी बाबांना करीन.”