कूरसला जाताय ना, मग हे वाचा

अगं, पहिल्यांदाच स्कॉटलंडमधलं जुनं गाव बघतेयस तर फाइफमधलं कूरस (Culross) निवडलंस हे मस्तच केलंस, फक्त पिवळ्या पॅलेससमोर फोटो काढून लगेच निघू नकोस. तो काही राजाचा महाल नाही, जॉर्ज ब्रूस नावाच्या कोळशाच्या व्यापाऱ्याचं घर आहे, 1597 ते 1611 मध्ये बांधलेलं, आणि आतली रंगवलेली लाकडी छतं मान वर करून निवांत बघ. ह्या माणसाची खाण चक्क फोर्थ खाडीच्या खाली होती, पाण्यात दगडी गोल भिंत बांधून तिथे दुसरं तोंड काढलेलं, बोटी तिथेच लागायच्या नि कोळसा भरून जायच्या. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स 1617 मध्ये खाणीतून चालत तिथे बाहेर आला नि चारी बाजूंनी पाणी बघून दगा दगा ओरडला असं सांगतात. 1625 च्या वादळात ही खाण बुडाली. ओहोटीची वेळ बघून गेलीस तर अवशेष दिसतात.

मर्कॅट क्रॉस, म्हणजे जुन्या बाजारचौकातला खांब बघ, तिथल्या फरसबंदीत मधली दगडांची ओळ उंच आहे, ती पूर्वी प्रतिष्ठितांसाठी असायची, बाकीच्यांनी कडेच्या घाणीतून चालायचं. मग चढ चढून अ‍ॅबीला, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाला जाच, 1217 ची आहे, आणि शेजारच्या चर्चमध्ये ब्रूस, बायको नि आठ मुलांचे अलाबास्टर नावाच्या मऊ पांढरट दगडाचे पुतळे आहेत, बहुतेक लोक चढामुळे हेच सोडतात. गावात स्टेशन नाही हां, डनफर्मलाइनहून बस पकड, आणि बूट चांगल्या ग्रिपचे घाल.